पहिल्या आरोग्यमंत्री बाईंचं काय करायचं?

(वर्धा जिल्ह्यातल्या ग्रामपंचायत सदस्य महिला आणि आशाताई यांच्या शिबिरात केलेलं भाषण.)



सकाळी इकडे येताना बसमध्ये शेजारी एक काकू बसल्या होत्या. कुठं चाललीस, म्हणून त्यांनी विचारलं. म्हटलं, शिबिराला, भाषण आहे. कशावर? म्हटलं, देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्यावर. काकू म्हणाल्या, "राजकुमारी? मग तिला काय कमी होतं? आमच्यातल्या कुणाचं सांगत जा ना बाई."

त्यांचं खरंच होतं. तरी मी आज राजकुमारीबद्दलच बोलणार आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुली इथं असतील तर त्यांना हे नाव एका गुणापुरतं माहीत असतं. पहिल्या महिला केंद्रीय मंत्री कोण? उत्तर लिहिलं, गुण मिळाला, संपलं. पण त्या बाईंनी दहा वर्षं आरोग्य खातं सांभाळलं आणि त्या काळात घेतलेले काही निर्णय तुमच्या-माझ्या अंगावर आले आहेत. काही चांगले, आणि एक असा की त्याचं काय करावं हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. ते तुमच्यापुढे मांडायला मी आले आहे.

आधी त्यांचं घर. वडील राजा हरनाम सिंग, कपूरथळ्याच्या राजघराण्यातले. गोलकनाथ नावाच्या बंगाली मिशनऱ्यांच्या सहवासात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांच्याच मुलीशी, प्रिसिलाशी, लग्न केलं. राजवाडा सुटला, पण पैसा आणि मान सुटला नाही. अमृत ही घरातली एकुलती एक मुलगी, बाकी सगळे भाऊ. लहानपणीच तिला शिकायला इंग्लंडला पाठवलं. डॉर्सेटमधल्या शेरबोर्न मुलींच्या शाळेत ती मुख्य विद्यार्थिनी झाली. हॉकी, क्रिकेट खेळली. पुढे ऑक्सफर्डलाही गेली. इथं एक गोष्ट सांगून ठेवते. ज्या ऑक्सफर्डचं आपण एवढं नाव घेतो, तिथं त्या काळी मुलींना वर्गात बसू देत, परीक्षा देऊ देत, पण पदवी देत नसत. मुलींना पदवी मिळू लागली १९२० साली. म्हणजे राजाची मुलगी असो नाहीतर साहेबाची, कागद हातात द्यायची वेळ आली की बाई बाईच!

विशीत ती परत आली. वडिलांकडे गोपाळ कृष्ण गोखले येत-जात असत. देशाच्या कामाची ओढ आपल्याला त्यांच्या बोलण्यातून लागली, असं त्या पुढे सांगत. १९१९ साली जालियनवाला बाग झाली. त्याच सुमारास गांधीजींची भेट झाली. तिला तेव्हाच चळवळीत जायचं होतं. पण घरच्यांना ते पसंत नव्हतं आणि ती थांबली. किती वर्षं थांबली? जवळजवळ दहा. १९३० मध्ये वडील गेल्यावर ती पूर्णपणे बाहेर पडली. तोवर चाळिशी उलटली होती. "आता या वयात काय पंचायतीत उभी राहू," असं म्हणणाऱ्या ताया मला प्रत्येक शिबिरात भेटतात. त्यांच्यासाठी एवढं सांगितलं.

मधली वर्षं मात्र फुकट गेली नाहीत. १९२७ च्या जानेवारीत पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं. अध्यक्ष बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. ही संस्था उभी करणाऱ्यांत अमृत कौर होत्या, पुढे त्यांनी तिचं अध्यक्षपदही सांभाळलं. मुलींचं शिक्षण, बालविवाहाला विरोध, पडदा नको, वारसाहक्क हवा, ही सगळी मागणी तिथं झाली. परिषदेतल्या बायका बहुतेक मोठ्या घरच्या. त्यांच्या ठरावांत शेतमजूर बाई फार थोडी दिसते. पण मताच्या हक्काबद्दल त्यांनी जे केलं ते तुम्ही ऐकायलाच हवं.

इंग्रज सरकार तेव्हा बायकांना मत द्यायला तयार होतं, पण कसं? जिचा नवरा मालमत्तावाला तिला. म्हणजे मत बाईचं, पण ते येणार नवऱ्याच्या सातबाऱ्यावरून. १९३३ मध्ये लंडनला पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष द्यायला तिघी गेल्या. अमृत कौर, मद्रासच्या डॉक्टर मुथुलक्ष्मी रेड्डी आणि बेगम शरीफा हमीद अली. तिघी तीन धर्मांच्या. त्यांनी सांगितलं, आम्हाला नवऱ्याच्या नावानं मत नको आणि धर्माच्या नावानं वेगळ्या जागाही नकोत. प्रत्येक प्रौढ माणसाला मत द्या, त्यात आम्ही आलो. सरकारनं ऐकलं नाही. १९३५ च्या कायद्यात नवऱ्यावरून मत राहिलं आणि राखीव जागाही आल्या, त्याही धर्मवार वाटलेल्या.

आता गंमत पाहा. या बायका राखीव जागांच्या विरोधात होत्या. आणि इथं बसलेल्या तुमच्यापैकी निम्म्याहून जास्त जणी राखीव जागेवरून निवडून आल्या आहात. कालच्या चर्चेत एका ताईनं विचारलं होतं की मग चूक कोण? मला वाटतं, त्यांना खात्री होती की एकदा सरसकट मत मिळालं की बायका आपोआप निवडून येतील. १९५२ पासूनच्या लोकसभा पाहिल्या तर ती खात्री खोटी ठरली हे उघड आहे. महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा २०११ मध्ये आल्या, त्या कायद्यानं आल्या. लोकसभा-विधानसभेसाठीचा कायदा २०२३ साली झाला, तोही जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्या दाव्याला बांधून. अमृत कौर स्वतः राजघराण्यातल्या, इंग्लंडला शिकलेल्या. त्यांना कुणी दारात अडवलं नव्हतं. दार बंद असतं हे ज्याला अडवलेलं असतं त्यालाच कळतं.

त्यांचा आपल्या भागाशी संबंध आला तो गांधीजींमुळे. वर्ध्याला आणि मग सेवाग्रामला त्या राहिल्या. सोळा वर्षं गांधीजींच्या सचिव म्हणून काम केलं. रेशमी कपड्यांतली बाई खादीत आली, पत्रांचे गठ्ठे उपसू लागली. गांधीजी त्यांना पत्रात लाडानं वेडी म्हणत आणि स्वतःची सही जुलमी माणूस म्हणून करत. ही पत्रं वाचताना हसू येतं, आणि मला थोडं खटकतंही. पन्नाशीला आलेली, दोन तुरुंगवास भोगलेली बाई, आणि तिच्या खाण्यापिण्यापासून झोपेपर्यंत सगळ्याला सूचना! पण त्यांना ते जाच वाटत नव्हतं, हेही पत्रांतूनच कळतं. मी माझं खटकणं तेवढं नोंदवून पुढे जाते.

घटना समितीत पंधरा बायका होत्या, त्यांत या. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत त्यांच्याबरोबर हंसा मेहता होत्या. १९४७ च्या मार्च-एप्रिलमधली गोष्ट. धर्म पाळण्याच्या स्वातंत्र्याचं कलम चर्चेला आलं तेव्हा अमृत कौर यांनी हरकत घेतली. धर्म ‘पाळण्याचं’ मोकळं स्वातंत्र्य असं लिहिलंत, तर देवदासी, पडदा, सती यांनाही कुणी धर्माचा भाग म्हणेल आणि बायकांसाठी केलेले कायदे कोर्टात पडतील, असं त्यांचं म्हणणं. आज पंचविसाव्या कलमात समाजसुधारणेसाठी कायदा करण्याची मुभा सरकारला आहे, तिच्यामागं ही हरकत आहे. आपल्याकडे देवदासींच्या प्रश्नावर ज्यांनी काम केलं आहे त्यांना या एका ओळीची किंमत सांगायला नको. समान नागरी कायदा नुसता मार्गदर्शक तत्त्वांत ढकलू नका, अशी वेगळी मतपत्रिकाही या दोघींनी मिनू मसानींबरोबर जोडली होती. त्यावर आज आपल्यातच किती मतं आहेत ते तुम्हाला माहीत आहे. त्यात मी आज शिरत नाही, नाहीतर जेवण राहून जाईल.

१९४७ साली नेहरूंच्या पहिल्या मंत्रिमंडळात एकच बाई होती. खातं आरोग्य. बायकांना आरोग्य, शिक्षण, बालकल्याण असलीच खाती मिळतात हे आपण नेहमी म्हणतो, त्याची सुरुवात इथं आहे असं समजा. पण तेव्हा हे खातं म्हणजे काय होतं? सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास. त्याआधी वर्षभरच भोर समितीचा अहवाल आला होता. त्यात लिहिलं होतं, सहा हजार तीनशे माणसांमागे एक डॉक्टर आणि त्रेचाळीस हजार माणसांमागे एक नर्स. हिवतापाचे रुग्ण दर वर्षी साडेसात कोटी, त्यात मरणारे आठ लाख. फाळणीचे लोंढे येत होते ते वेगळेच. आणि आरोग्य हा विषय राज्यांच्या यादीत. दिल्लीतल्या मंत्र्यांच्या हातात पैसा थोडा, हुकूम त्याहून थोडा.

अशा खात्यातून त्यांनी जे केलं ते लहान नाही. नर्सेसच्या शिक्षणाचा आणि नोंदणीचा दर्जा देशभर एक असावा म्हणून नर्सिंग कौन्सिलचा कायदा १९४७ च्या अखेरीस झाला. क्षयाविरुद्ध बीसीजीची मोहीम काढली. राजाजींसारख्या वजनदार माणसानं त्या लसीला जाहीर विरोध केला, तरी मोहीम थांबवली नाही. १९५३ मध्ये हिवताप नियंत्रणाची देशव्यापी मोहीम सुरू झाली. डीडीटी फवारणारी माणसं गावोगाव फिरली, तुमच्या सासवांना ती आठवत असतील. १९६५ च्या सुमारास हिवतापाचे रुग्ण वर्षाला लाखाच्या आसपास आले होते. पुढे तो उलटला, ती दुसरी कथा. १९५० साली त्या जागतिक आरोग्य सभेच्या अध्यक्ष झाल्या, त्या जागी बसलेली ती पहिली बाई. आणि दिल्लीचं एम्स. १९५६ च्या फेब्रुवारीत त्यांनी ते विधेयक लोकसभेत मांडलं. आपल्या मुलामुलींना वरचं वैद्यकीय शिक्षण घ्यायला परदेशी जावं लागू नये, हे आपलं स्वप्न आहे असं त्यांनी तिथं सांगितलं. न्यूझीलंडकडून दहा लाख पौंड मिळवले. स्वतःचं सिमल्याचं वडिलोपार्जित घर, मॅनॉरव्हिल, संस्थेला देऊन टाकलं, तिथल्या कर्मचाऱ्यांना विश्रांतीला जाता यावं म्हणून. मंत्र्यांच्या नावावर घरं वाढतात हे आपण पाहतो. घर कमी झालेला मंत्री विरळा.

इथवर सगळं छान आहे. आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी विषय बदलून घेतला.

संततिनियमनाच्या साधनांना राजकुमारींचा विरोध होता. आपल्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढत होते. त्यासाठी त्यांनी नोकरी गमावली, खटले सोसले. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर या संततिनियमनाच्या प्रचारक बाई खास गांधीजींना भेटायला वर्ध्याला आल्या. इथंच, आपल्या गावाशेजारी! गांधीजींनी साधनांना नकार दिला. नवरा-बायकोनं संयम पाळावा, बाईनं नवऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकावं. महिन्यातल्या सुरक्षित दिवसांची पद्धत मात्र आपल्याला इतर उपायांइतकी वाईट वाटत नाही, एवढं ते बोलून गेले. सँगरबाई तिथून त्रिवेंद्रमला महिला परिषदेच्या अधिवेशनाला गेल्या आणि परिषदेनं संततिनियमनाच्या बाजूनं ठराव केला. म्हणजे अमृत कौर यांची स्वतःची संघटना एका बाजूला आणि त्यांचे गुरू दुसऱ्या बाजूला. त्या गुरूंच्या बाजूला राहिल्या.

बारा-पंधरा वर्षांनी त्या मंत्री. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी पासष्ट लाख रुपये ठेवले गेले. असा सरकारी कार्यक्रम घेणारा आपला देश पहिलाच. पण कुठली पद्धत? राजकुमारींनी जागतिक आरोग्य संघटनेकडून तज्ज्ञ मागवले ते सुरक्षित दिवसांच्या पद्धतीसाठी. डॉक्टर अब्राहम स्टोन १९५१ मध्ये आले. दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातलं रामनगरम इथं प्रयोग झाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईला दिवस मोजता यावेत म्हणून रंगीत मण्यांची माळ दिली. रोज एक मणी सरकवायचा. या रंगाचा मणी आला की जवळ यायचं नाही, त्या रंगाचा आला की चालेल. सुरुवातीला पुष्कळ जोडप्यांनी होकार दिला, नीट पाळणारी थोडीच निघाली.

का, ते तुम्हाला सांगायला हवं का? मणी बाईच्या हातात होता. रात्र कुणाच्या हातात होती?

(इथं सभागृहात हसू आलं, आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.)

मी समाजकार्याच्या कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडले होते. ज्या बाईनं नवऱ्याच्या मालमत्तेवरून मिळणारं मत नाकारलं, तिनं अंगावरचा हक्क मात्र नवऱ्याच्या मर्जीवर कसा सोडला? साधनं सरकारी दवाखान्यात मिळू लागायला आणखी काही वर्षं गेली. त्या वर्षांत झालेल्या बाळंतपणांचा हिशेब कोण देणार? मी निबंधात तसंच लिहिलं. सरांनी चांगले गुण दिले.

मग २०१४ उजाडलं. मी चोवीस वर्षांची, नुकतीच एका प्रकल्पात लागलेली. प्रकल्प माता-बाल आरोग्याचा. थंडीत शस्त्रक्रियेची शिबिरं लागतात हे तुम्ही जाणताच. ‘टार्गेट’ १९९६ सालीच कागदावरून गेलं, पण मार्च जवळ आला की आकडे विचारणारे फोन येतात. मला सांगितलं, तुम्ही शिकलेल्या आहात, बायकांना समजावा. मी समजावलं. एका वस्तीवर एक बाई होती, तीन लेकरांची आई, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, काटकुळी. नवऱ्याला मी विचारलं, तुम्ही का करून घेत नाही, पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी असते. तो म्हणाला, "मला वजन उचलावं लागते." ती शेजारी डोक्यावर पाण्याच्या दोन घागरी घेऊन उभी होती. मी हे पाहिलं आणि तरीही वहीत तिचं नाव लिहिलं.

शिबिरात बायका ओळीनं सतरंज्यांवर होत्या. तिचं रक्त किती आहे, मी विचारलं नाही. चार दिवसांनी टाका पिकला. ताप आला. तीन आठवडे कापूस वेचायला जाता आलं नाही, ऐन हंगामात. मी भेटायला गेले तर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, गोळी असते, तांबी असते, असं तू मला सांगितलं नाहीस." मी खरंच सांगितलं नव्हतं. मला आकडा हवा होता. त्याच नोव्हेंबरात छत्तीसगडला बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत त्र्याऐंशी बायकांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि तेरा बायका मेल्या. पेपर हातात घेऊन मी बसून राहिले. माझ्या वहीतली बाई जगली, हा निव्वळ योगायोग.

त्यानंतर मी राजकुमारींबद्दल पुन्हा वाचलं. त्यांचं म्हणणं मला आजही पटत नाही. पण त्यात एक गोष्ट होती जी माझ्या निबंधात आली नव्हती. पुरुषानं स्वतःवर ताबा ठेवावा, सगळा भार बाईच्या शरीरावर टाकू नये, असं त्या आणि गांधीजी म्हणत होते. तो विचार संयमाच्या उपदेशात बुडून गेला आणि साधनं अडवून बसला. त्यांच्यानंतर आलेल्यांनी साधनं आणली, आणि पुरुषाला प्रश्न विचारणं सोडून दिलं. मध्ये आणीबाणीत, १९७६-७७ साली, ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत पुरुष जास्त होते, तेही बळजबरीनं. त्याचा धसका घेऊन सरकार जे बायकांकडे वळलं ते वळलंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या दर शंभर विवाहित बायकांमागे जवळपास अडतीस जणींची शस्त्रक्रिया झालेली दिसते. पुरुषांची? शंभरात अर्धाही नाही. ०.३. राजकुमारींना बाईनं ‘नाही’ म्हणायला हवं होतं. माझ्यासारख्या कार्यकर्तीला बाईनं ‘हो’ म्हणायला हवं होतं. तुला काय हवं, हे दोघींनी विचारलं नाही.

१९५७ पर्यंत त्या मंत्री होत्या. पुढे राज्यसभेत राहिल्या, १९६४ च्या फेब्रुवारीत वारल्या. धर्मानं ख्रिस्ती, अंत्यसंस्कार शीख पद्धतीनं झाले. त्यांच्यानंतर काही वर्षांनी आरोग्यमंत्री झालेल्या डॉक्टर सुशीला नय्यर यांना तुम्ही ओळखता. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज त्यांनी १९६९ मध्ये सुरू केलं, तुमच्यातल्या कितीतरी जणींची बाळंतपणं तिथं झाली असतील.

सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये सांगितलं की अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा, शस्त्रक्रिया नेहमीच्या दवाखान्यात, नीट सोयीत करा, आणि बाईला तिच्या भाषेत सगळं समजावून मगच सही घ्या. सगळ्या सदस्य तायांना माझी विनंती आहे की आपापल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षी पुरुष नसबंद्या किती झाल्या? तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध यांतलं आज काय शिल्लक आहे? आणि शस्त्रक्रियेआधी रक्त तपासल्याची नोंद कुठं आहे? आशाताईंनी हे विचारलं तर त्यांना बोलणी बसतात, मला माहीत आहे. म्हणून ते तुम्ही विचारायचं, निवडून आलेल्यांनी. गावच्या आरोग्य समितीच्या पुढच्या बैठकीत विषयपत्रिकेवर लिहून घ्या. तोंडी नको, तोंडी विचारलेलं हवेत जातं.

मगाशी मागच्या रांगेतल्या ताईंनी हात वर केला होता, मी थांबवलं. आता त्यांनी बोलावं.